पास्ता: मुलांना आणि मोठ्यांना त्यातून नेमकं मिळतं काय?

मुग्धा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. पास्त्याच्या पाककृतींचे धागे इथे भरपूर आहेत, पण त्यातून शरीराला काय मिळतं यावर सलग चर्चा सापडली नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

लेक पाच वर्षांची. डब्याला सारखा पास्ता हवा असतो. पोळीभाजी अर्धी परत येते, पास्त्याचा डबा मात्र चाटूनपुसून. सासूबाई म्हणतात, "मैद्याच्या नळ्या त्या, आतड्याला चिकटून बसतात." शेजारची मैत्रीण म्हणते, रव्याचाच तर असतो, उपमा देतेस मग हा का नाही? काल दुकानात उभं राहून पाकिटांची मागची बाजू वाचली. एकावर 'ड्युरम गव्हाचा रवा', एकावर नुसतंच 'सूजी', एका स्वस्त मॅकरोनीवर 'मैदा', आणि 'मसाला पास्ता' म्हणून मिळतो त्यावर वीतभर यादी.

यातलं काय घ्यावं, पाच वर्षांच्या मुलीला किती द्यावं, आणि आठवड्यातून किती वेळा चालेल? नवऱ्यालाही रात्री पास्ता आवडतो, पण त्याची साखर आता काठावर आली आहे. त्याच्याबद्दलही सांगा.

पोटोबा

चांगला विषय. वाचतोय.

आजीचा_डबा

मुग्धा, सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे गं. आपल्याकडे शेवया आहेत, थालीपीठ आहे, धिरडी आहेत. नाचणीची खीर दिली तर कॅल्शियम तरी मिळतं. या नळ्यांतून काय मिळणार? आमची मुलं पास्ता न खाताच मोठी झाली. पोर मागते म्हणून द्यायचं, तर उद्या ती रोज चिप्स मागेल.

निशिगंध

मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या आयांचा हा प्रश्न ठरलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चिकटण्याचं. मैदा आतड्याला चिकटत नाही, तो पचतो आणि तोही चटकन. त्याची खरी अडचण अशी की कोंडा आणि अंकुर काढून टाकल्यामुळे तंतू आणि लोह फारसं उरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह आहे. मैद्यात तंतू ३ ग्रॅमच्या आत आणि लोह २ मिलिग्रॅमच्याही खाली. तंतू कमी, पाणी कमी, भाजी नाही, असं रोज झालं की मुलाला बद्धकोष्ठ होतो, आणि घरात म्हणतात 'चिकटलं'.

ड्युरम हा वेगळा, कडक दाण्याचा गहू. त्याचा रवा पिवळसर असतो तो ल्युटिनसारख्या नैसर्गिक रंगद्रव्यांमुळे. १०० ग्रॅम कोरड्या ड्युरम पास्त्यात साधारण ३५० ते ३७० उष्मांक, १२-१३ ग्रॅम प्रथिनं, ७०-७५ ग्रॅम कर्बोदकं, दीड ग्रॅम स्निग्धांश आणि ३ ग्रॅम तंतू. म्हणजे प्रथिनं कणकेपेक्षा कमी नाहीत, उलट थोडी जास्तच, पण तंतूंत तो पोळीच्या जवळपासही येत नाही. अख्ख्या गव्हाच्या पास्त्यात तंतू ८ ग्रॅमच्या आसपास जातात.

आता तुमची लेक. ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आपल्याकडची २०२० ची शिफारस आहे दिवसाला १३६० उष्मांक, १६ ग्रॅम प्रथिनं आणि ११ मिलिग्रॅम लोह. डब्यात ४० ग्रॅम कोरडा पास्ता घातलात, तर शिजून तो ९०-१०० ग्रॅम होतो. त्यातून मिळतात साधारण १४० उष्मांक आणि ५ ग्रॅम प्रथिनं. वाईट नाही. पण लोह किती? जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्ताक्षय आढळला आहे. अशा ठिकाणी मुलाच्या डब्यातला एक मोठा घास लोहाविना जाऊ देणं मला परवडणारं वाटत नाही. म्हणून माझं उत्तर: पास्ता द्या, पण नुसता कधीच नको. त्याच्यासोबत काय जातं त्यावर सगळं ठरतं.

आणि गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. डाळी, दूध, अंडं यांत ते भरपूर. वरणभाताचं जे गणित आहे तेच इथे.

आजीचा_डबा

निशिगंध, नाचणीचं मात्र तुम्ही सोडूनच दिलंत.

निशिगंध

नाही सोडलं, ताई. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३६० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम असतं, पास्त्यात २०-२५. त्यामुळे पास्ता नाचणीच्या जागी नको. तो पांढऱ्या ब्रेडच्या, बिस्किटांच्या, तळलेल्या झटपट नूडल्सच्या जागी येऊ दे. नूडल्सची वडी तळून वाळवलेली असते, त्यात १०० ग्रॅममागे १५ ग्रॅमच्या आसपास तेल जातं. साधा पास्ता नुसता वाळवलेला असतो. हा फरक मोठा आहे आणि लोक दोन्ही एकाच पंगतीत बसवतात.

शेवयांचं म्हणाल तर रव्याच्या शेवया आणि रव्याचा पास्ता पोषणात जवळपास सारखेच. शेवयांचा उपमा चालतो तर पास्ताही चालला पाहिजे. मैद्याच्या शेवया असतील तर दोन्हीकडे तीच तक्रार.

बोलोन्याकर

गेली काही वर्षं इटलीत, बोलोन्याला राहतो. दोन मुलं इथल्याच शाळेत जातात, म्हणून इथलं सांगतो.

पहिली गोष्ट, इटलीत सुक्या पास्त्यासाठी ड्युरम गहूच वापरायचा असा १९६७ पासूनचा नियम आहे. इथल्या कारखानदारांना मैद्याची मॅकरोनी सुका पास्ता म्हणून इथे विकता येत नाही. आमच्या एमिलिया-रोमान्या भागात घरी लाटतात तो ताजा पास्ता मात्र मऊ गव्हाच्या पिठाचा, आणि त्यात १०० ग्रॅम पिठाला एक अंडं. पाणी अजिबात नाही. म्हणजे प्रथिनांची सोय पिठातच होते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. इथल्या आहार-मार्गदर्शनात मोठ्या माणसाची एक वाढणी ८० ग्रॅम कोरडा पास्ता. घरोघरी स्वयंपाकघरात वजनकाटा असतो आणि रोजचा पास्ताही तोलून टाकतात. आपल्याकडच्या कॅफेत जी काठोकाठ भरलेली प्लेट येते, तेवढा पास्ता इथे एकाच माणसापुढे वाढलेला मी पाहिला नाही. शिवाय इथे पास्ता हा जेवणाचा पहिला पदार्थ. त्यामागून मासे, अंडं किंवा मांस, आणि भाजी.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. गरिबीच्या काळापासून इथे पास्ता कडधान्यांबरोबर खातात. पांढऱ्या घेवड्याबरोबर, छोल्यांबरोबर, मसुरीबरोबर, मटारांबरोबर. पातळसर, चमच्याने खायचा. मुलांच्या शाळेतल्या जेवणातही हे पदार्थ असतात. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मला थेट आईची वरणफळंच आठवली.

रानवारा

आमच्या मराठवाड्यात चकोल्या म्हणतात. तुरीच्या वरणात कणकेच्या चौकोनी कापण्या सोडायच्या, वरून लसणाची फोडणी आणि तूप. कणकेच्या असल्यामुळे तंतूही आले. मुग्धाताई, लेकीला आकारच आवडत असतील तर कापण्यांचे शंख वळून द्या, माझी पुतणी तसेच खाते.

मुग्धा_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार! चकोल्यांचे शंख रविवारी नक्की करून बघते, सकाळी सहाच्या डब्याला ते जमायचं नाही.

निशिगंध, डब्यात 'सोबत काय' हे जरा उलगडून सांगाल का? ती सिमला मिरचीचा तुकडा दिसला की बोटांनी उचलून झाकणात ठेवते. गाजर तेवढं खाते. आणि चीज घातलं की सगळं संपतं, म्हणून मी चीज घालत आले आहे.

निशिगंध

मग तुकडे नकोतच, गर करा. मी सांगते ती रीत एका वाढणीची:

मुठीपेक्षा थोडी कमी, म्हणजे २० ग्रॅम मसूर डाळ, एक टोमॅटो, लाल भोपळ्याची फोड आणि लसणाची एक पाकळी कुकरला लावा. रात्रीच करून ठेवलंत तरी चालेल. सकाळी ते घोटा, चमचाभर तेलात किंवा तुपात जिऱ्यावर परता, आणि शिजलेला पास्ता त्यात घाला. रंग अगदी 'रेड सॉस'सारखाच येतो. २० ग्रॅम मसुरीने ५ ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास दीड मिलिग्रॅम लोह वाढतं. टोमॅटो शिजवताना त्यातलं 'क' जीवनसत्त्व बरंच कमी होतं, म्हणून डबा भरताना वरून लिंबू पिळा, म्हणजे ते लोह अंगी लागेल. त्या एका डब्यातून दिवसाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं होतात.

चीजबद्दल. प्रक्रिया केलेल्या चीजच्या २५ ग्रॅमच्या एका क्यूबमध्ये साधारण पाऊण ग्रॅम मीठ असतं. मोठ्या माणसाला दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, पाच वर्षांच्या मुलीला त्याहूनही कमी. क्यूब घातलात तर पास्त्याच्या पाण्यात आणि सॉसमध्ये मीठ घालू नका. त्यापेक्षा पनीर किसून घाला, प्रथिनं जवळपास तेवढीच आणि मीठ नगण्य.

आणि तो चौथा, मसाल्याची पुडी असलेला पास्ता. पाकिटामागे सोडियमचा आकडा बघा, त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. मुलांसाठी मी तो घेऊ देत नाही.

पोटोबा

मसूर डाळीचाच पास्ता मिळतो की आता, छोल्यांचाही. १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं. मी व्यायामाच्या दिवसांत तोच खातो. महाग आहे खरा, साध्याच्या तिप्पट-चौपट.

निशिगंध

उत्तम आहे, परवडत असेल तर घ्या. पण साधा पास्ता आणि घरची डाळ मिळून तेच काम निम्म्याहून कमी पैशात होतं. रंगीत पास्त्याला मात्र जादा पैसे देऊ नका. हिरव्या-लाल पास्त्यात पालकाची किंवा टोमॅटोची पूड दोन-तीन टक्के असते, ती भाजीची जागा घेत नाही. 'मल्टीग्रेन' लिहिलेलं असेल तर घटकांची यादी वाचा. नियमाप्रमाणे जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो. पहिला मैदा असेल आणि नाचणी शेवटून दुसरी, तर काय ते कळतंच.

कृष्णाकाठ

सांगली जिल्ह्यातून लिहितोय. घरी खपली आणि थोडा बन्सी गहू असतो. वर ड्युरम ड्युरम चाललंय, तर एक सांगावंसं वाटलं. बन्सी म्हणजे आपला ड्युरमच. आमच्याकडे शेवयांना तोच लागतो, साध्या गव्हाच्या शेवया तुटतात आणि शिजताना गिजगा होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ड्युरमचं एमएसीएस ४०२८ नावाचं वाण काढलंय, कमी पाण्यावर येणारं, त्यात १४.७ टक्के प्रथिनं आहेत.

खपली हा ड्युरमचा जुना भाऊबंद. इटलीत त्याला फारो म्हणतात आणि त्याचाही पास्ता करतात. खपलीचं टरफल दाण्याला घट्ट असतं, मळणीत सुटत नाही, वेगळं कांडावं लागतं. उतारा कमी, वर कांडणावळ, म्हणून भाव जास्त. आता खपलीच्या शेवयांबरोबर पास्ताही गावातल्या बायका बचत गटातून करून विकायला लागल्यात. पास्ता खायचाच तर तो आपल्या शेतातल्या गव्हाचा का नको?

आजीचा_डबा

हे मात्र पटलं. खपलीचा पास्ता मिळाला तर मीही करून बघेन.

सायलीची_आई

कृपया एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या, कारण आमच्या घरी यावरून खूप गोंधळ झाला होता. माझ्या मुलीला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते. तिला साधा गहू, ड्युरम, बन्सी, खपली, रवा, दलिया, यांतलं काहीच चालत नाही. एका परिचितांनी फार विश्वासाने सांगितलं होतं की खपली 'जुना' गहू आहे, त्याने त्रास होत नाही. सीलिॲकमध्ये होतो, खपलीतही ग्लूटेन आहेच.

मूल गव्हाचं खाऊन सतत पोट फुगत असेल, जुलाब होत असतील, वजन-उंची थांबली असेल, लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्ताची तपासणी होण्याआधी गहू स्वतःच्या मनाने बंद करू नका, नाहीतर तपासणी फसवी येते. आम्ही तांदळाचा पास्ता वापरतो. त्यात प्रथिनं कमी, म्हणून त्यावर नेहमी अंडं किंवा राजमा.

बोलोन्याकर

सायलीच्या आईंना अनुमोदन. इथेही शाळेत अशा मुलांचं जेवण वेगळ्या भांड्यात शिजवतात. गव्हाच्या पास्त्याचं पाणी किंवा झारा लागला तरी त्रास होतो.

मुग्धा_डोंबिवली

हे मला माहीतच नव्हतं, धन्यवाद.

आता नवऱ्याच्या साखरेबद्दल कुणी सांगेल का? कुठेतरी वाचलं की पास्त्याने साखर भातापेक्षा हळू वाढते.

निशिगंध

हो, खरं आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पास्ता करताना रव्याचं घट्ट पीठ दाबाखाली साच्यातून काढतात. त्यात ग्लूटेनची जाळी स्टार्चच्या कणांभोवती घट्ट बसते आणि पाचकरसांना आत शिरायला वेळ लागतो. म्हणून त्याच गव्हाच्या ब्रेडपेक्षा पास्त्याने साखर हळू चढते. स्पॅगेटीचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती चढते त्याचं माप, ५० च्या आसपास, पांढऱ्या भाताचा ७० च्या आसपास. जास्त शिजवून लगदा केलात की हा फायदा कमी होतो. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिली असतात तेवढीच शिजवा, दाताखाली किंचित लागला पाहिजे. मैद्याचा पास्ता इथेही फसतो, पाणी दुधाळ होतं आणि नळ्या एकमेकींना चिकटतात.

पण निर्देशांक कमी म्हणून कितीही खाऊन चालत नाही. ८० ग्रॅम कोरड्या पास्त्यात ५८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन पोळ्यांइतकी. आणि घरात आपण ८० ग्रॅम घेतच नाही, माणशी सव्वाशे-दीडशे सहज होतो. त्यांच्यासाठी ५०-६० ग्रॅम तोला, तो शक्यतो अख्ख्या गव्हाचा घ्या, ताटलीत तेवढीच भाजी आणि बरोबर चिकन, अंडं, पनीर किंवा राजमा. आधी भाजी आणि प्रथिनं खाऊन मग पास्ता खाल्ला तर साखरेची उडी लहान राहते. बरोबर गार्लिक ब्रेड नको. पिठावर पीठ होतं ते. व्हाइट सॉसमध्ये लोणी, मैदा आणि वर क्रीम, त्यामुळे तो कधीतरीच. साखरेची औषधं चालू असतील तर जेवणानंतर दोन तासांनी मोजून बघा, प्रत्येकाचं शरीर वेगळं वागतं.

पोटोबा

शिळा पास्ता गरम करून खाल्ला तर साखर कमी वाढते म्हणतात, ते?

निशिगंध

थंड झाल्यावर थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो हे खरं, पण परिणाम लहान आहे. त्यासाठी मुद्दाम शिळं करू नका. उरलाच तर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफाळता करून संपवा.

एडिसनची_मीनल

इथे अमेरिकेत पाकिटावर 'एन्रिच्ड' असा शब्द असतो. १९९८ पासून अशा धान्यपदार्थांत फॉलिक ॲसिड घालणं बंधनकारक आहे, लोह आणि 'ब' गटातली जीवनसत्त्वंही असतात. भारतात येताना आईकडे चार पाकिटं घेऊन येते, पण भारतातल्या पाकिटांवर तो शब्द मला दिसला नाही. त्यामुळे इथले आकडे वाचून तिथल्या पास्त्यात तेवढं लोह आहे असं कुणी धरू नये.

तळ्यातमळ्यात

माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. त्याला देता येईल का?

निशिगंध

सहा महिन्यांनंतर गहू सुरू करता येतो, तेव्हा हो. बारीक आकाराचा किंवा बोटाने चिरडेल इतका मऊ शिजवलेला, बिनमिठाचा. वर्षाच्या आत मीठ, साखर, मध काहीच नको. मुगाच्या वरणात किंवा भाज्यांच्या पाण्यात घालून वर तूप सोडा. बाळ बसलेलं असावं आणि कुणीतरी समोर असावं. घरात कुणाला सीलिॲक असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

बोलोन्याकर

इथे बाळांना अगदी असंच देतात. चांदण्यांच्या आकाराचा तांदळाएवढा पास्ता, भाज्यांच्या पाण्यात शिजवून, वर ऑलिव्ह तेल आणि किंचित किसलेलं पार्मेजान चीज.

मुग्धा_डोंबिवली

मसुरीचा सॉस करून बघितला. पहिल्या दिवशी "हा वेगळा का आहे?" म्हणून अर्धा परत आला. दुसऱ्यांदा भोपळा कमी करून टोमॅटो वाढवला, तेव्हा संपला. सासूबाईंनी चाखला आणि म्हणाल्या, "हे वरणच आहे की!" त्यांनीच आता तुरीच्या वरणात करायचं ठरवलंय. आठवड्यातून दोनदा पास्ता, एकदा चकोल्या असं ठरलं. नवऱ्यासाठी वजनकाटा मागवला आहे.

आजीचा_डबा

दोनदा ठीक आहे. बाकीच्या दिवशी भाकरी सोडू नकोस. आणि निशिगंध, आमचे हे अठ्ठ्याहत्तरचे, कवळी नीट बसत नाही म्हणून पोळी सोडून नुसता भात-ताक खातात, वजन उतरतंय. त्यांना हा पास्ता चालेल का? आतापर्यंत कधी खाल्लेला नाही त्यांनी.

निशिगंध

ताई, चालेल. त्यांना तर मी आवर्जून देईन. या वयात किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, भात-ताकावर ती होत नाहीत आणि स्नायू झडत जातात. शंखाऐवजी छोटी मॅकरोनी घ्या, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त शिजवा. मूगडाळीच्या पातळ वरणात सोडा, अंडं खात असतील तर एक फेटून उकळत्या वरणात ओता, नसतील तर पनीर कुस्करा. नाव सांगू नका, वरणफळं म्हणूनच वाढा. वजन का उतरतंय हे मात्र डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि कवळी बसवून घ्यायला दंतवैद्यांकडेही न्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी मला इथे किंवा व्यक्तिगत निरोपातून कळवा.

आजीचा_डबा

मूत्रपिंडाचं काही नाही. मूगडाळ भिजत घालते.